नगावर दर की ठरावीक पगार? रोपवनाच्या कामाचा खरा हिशेब

तुमचा प्रश्न असा: आठ महिन्यांचं रोपवनाचं काम आहे, राहणं-जेवण छावणीत. एकतर महिन्याला ठरावीक पगार, नाहीतर खड्ड्यामागे आणि रोपामागे दर. नगावर गेलात तर दीडपट सुटतील असं मुकादम म्हणतोय. चलन कुठलंही असो, आपण ठरावीक पगार महिना १०० धरू.

नुसत्या ‘खड्ड्यामागे इतके’ यावर हो म्हणू नका. खड्डा केवढा ते आधी विचारा. लांबी, रुंदी, खोली ३० सेंमी असेल तर २७ लिटर माती निघते, ४५ सेंमीला ९१ लिटर आणि ६० सेंमीला २१६. म्हणजे ३० चा ४५ झाला की उपसा जवळजवळ ३.४ पट. अशा खड्ड्याला दुप्पट दर मिळाला तर वाढ झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात मजुरी घटलेली असते. शिवाय वरची माती मऊ आणि खाली मुरूम लागला, तर शेवटचे १५ सेंमी सगळ्यात जास्त वेळ खातात. म्हणून माती, मुरूम आणि दगड यांचे दर वेगळे लिहून घ्या. खड्डा परत भरणं, आळं करणं, पाणी घालणं ही कामं दरात धरलीत की वेगळी, तेही लिहून घ्या. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

दुसरं म्हणजे अंतर. २ × २ मीटरवर हेक्टरी २,५०० रोपं बसतात, ३ × ३ वर १,१११. रोपामागे दर तोच राहिला तर विरळ लागवडीत चाल वाढते आणि कमाई घटते. त्याहून मोठी गोष्ट रोपांच्या वाहतुकीची. पिशवीतलं रोप ओल्या मातीसकट एक किलोचं धरा, एका खेपेला २०. दिवसाला ३०० रोपं लावायची तर १५ खेपा. गाडी २०० मीटरवर थांबत असेल तर नुसत्या ये-जा करण्यात ६ किलोमीटर चाल, त्यातली अर्धी २० किलो घेऊन. गाडी कुठवर येते हे जागेवर जाऊन बघा, नकाशा पाहून समाधान मानू नका.

आता दीडपटीचं बघू. मुकादम दिवसाला ६ प्रमाणे २६ दिवस मोजतो, म्हणून १५६. पाऊस, रोपं वेळेवर न येणं, आजारपण हे खाडे धरून १९ दिवस भरले तर ११४ होतात. ‘नीट लागलं नाही’ म्हणून दहा टक्के कापले की १०२.६. कुदळ, पहार, दांडे, धार यांवर ५ गेले की ९७.६. म्हणजे ठरावीक पगाराच्याही किंचित खाली. तुमचे दिवस २२-२३ भरणार असतील आणि हत्यारं मालकाची असतील, तरच नगावर जाण्यात अर्थ आहे.

‘रोपं जगली तर उरलेले पैसे’ ही अट मात्र मान्य करू नका. रोप जगणं पावसावर, चराईवर, वणव्यावर आणि रोपवाटिकेतून आलेल्या मालावर ठरतं. यातलं काहीच मजुराच्या हातात नसतं. मोजणी लावल्या दिवशीच व्हावी. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, पुन्हा बोलावलं तर ती वेगळी मजुरी.

ठरावीक पगाराचाही भ्रम नको. ८ महिने १०० म्हणजे वर्षाला ८००, बारा महिन्यांवर पसरले तर ६६.७. घरचं भाडं आणि शाळेची फी बारा महिने चालू असते, म्हणून खर्च १०० शी नाही, या ६६ शी ताडून बघा. छावणीत जेवण असलं तरी घरची चूल बंद होत नाही.

कपातीत जेवण, निवारा, गाडी आणि उचल या चार ओळी वेगळ्या हव्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९ चा मजुरी संरक्षणाचा करार (क्रमांक ९५) सांगतो, की वस्तुरूपात दिलेल्या मजुरीची किंमत रास्त हवी, मालकाच्या दुकानातून खरेदीची सक्ती नको आणि काम मिळवून दिल्याबद्दल ठेकेदारासाठी मजुरीतून कापून घेता येत नाही. ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे याचा आधार घेता येतो. १९८१ च्या करारानुसार (क्रमांक १५५) सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. त्यामुळे हेल्मेट, हातमोजे, चेनसॉची (यंत्रावर चालणाऱ्या करवतीची) संरक्षक पँट यांची कपात दिसली तर विचारा. चेनसॉ तुमचा असेल तर भाडं, पेट्रोल आणि ऑइल (५०:१ मिश्रणात लिटरला २० मिली), साखळी आणि बार हे सगळं दराबाहेर धरा.

संवर्धन प्रकल्पात गस्त किंवा गणनेचं काम बघत असाल तर अडचण वेगळी: पैसे अनुदानाच्या हप्त्यावर येतात आणि हप्ता अहवाल गेल्यावर सुटतो. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर उचल घ्यावी लागते आणि सुटलेला पगार तिच्यातच वळता होतो. भत्ते मोठे आणि मूळ वेतन लहान असेल तर तेही तपासा. रजेवर गेलात की क्षेत्रभत्ता बहुधा थांबतो, आणि अपघाताची भरपाई कशावर मोजणार ते करारात लिहिलेलं हवं.

मुकादमाच्या वहीशिवाय स्वतःची वही ठेवा: तारीख, खड्ड्यांची संख्या आणि माप, रोपं, घेतलेली उचल. रोज संध्याकाळी त्याची सही घ्या. आठवड्याने मागितलीत तर तो आकडा घासून कमी करणार.