रशियनमध्ये युरोतले भाव कसे विचारायचे आणि कसे समजून घ्यायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: वर्गात रूबलची सगळी रूपं पाठ झालीत, आता शिकायला लॅटव्हियातल्या रीगाला चालला आहात, तिथे रशियन बोलणारे भरपूर पण नाणं युरोचं. मग युरोची रूपं कुठे सापडतील?

ती नाहीतच. रूबल आकड्यागणिक बदलतो: अदीन रूब्ल (एक), द्वा रुब्ल्या (दोन), प्यात रुब्ल्येय (पाच), आणि एकवीस झाले की पुन्हा रूब्ल. 'येव्रो' कशालाच बधत नाही. अदीन येव्रो, द्वा येव्रो, स्तो (शंभर) येव्रो. बोलताना शेवटचा 'ओ' पुसट होतो, त्यामुळे कानाला 'येव्रा' असंच येतं. शब्द पुल्लिंगी धरतात, म्हणून 'अदीन' म्हणा, 'अद्नो' नको. सेंटला मात्र रूपं आहेत: अदीन त्सेंत, द्वा त्सेंता, प्यात त्सेंतव.

युरो बदलत नसला तरी त्याच्या आधीचा आकडा बदलतो, हे पुष्कळ जण विसरतात. 'साधारण पाच युरो' म्हणायचं तर 'ओकला पिती येव्रा'; इथे 'प्यात' चालत नाही. एखादी वस्तू हजार युरोला असेल तर 'स्तोइत तीसिचू येव्रा', कारण 'तीसिचा'चं इथे 'तीसिचू' होतं. व्याकरणाचं एवढं पक्कं केलंत तरी पुरे.

खरा घाम आकडे ऐकताना फुटतो. मी रशियन शिकवते, आणि उत्तम निबंध लिहिणारी मुलंसुद्धा काउंटरवर 'द्विनात्सत' आणि 'द्वात्सत' यांत गडबडलेली पाहिली आहेत. पहिला बारा, दुसरा वीस. 'पित्नात्सत' पंधरा आणि 'पिद्दिस्यात' पन्नास. 'दिवित्नात्सत' एकोणीस आणि 'दिविनोस्ता' नव्वद. पंधरा-पन्नासमध्ये आघात कुठे पडतो ते ऐका: पंधरात तो 'ना'वर असतो, पन्नासात अगदी शेवटी. त्यात आपण मराठी माणसं 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी घेतो आणि चाळीस नंतर. रशियनमध्ये 'सोरक प्यात', म्हणजे चाळीस आधी. ऐकलेला आकडा मनात मराठीत फिरवत बसलात तर तेवढ्यात विक्रेती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. म्हणून कोणाला तरी भाव मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही थेट अंक लिहा, मधे मराठी आणू नका. हा सराव रोज थोडा थोडा करा. मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी हाच देते.

रीगाचा मध्यवर्ती बाजार यासाठी फार चांगली शाळा आहे. झेपेलिन हवाई जहाजांच्या जुन्या हँगरांचे सांगाडे वापरून त्याची पाच अवाढव्य दालनं उभारली, आणि 1930 मध्ये तो सुरू झाला. तिथे 'स्कोल्का स्तोइत?', म्हणजे किंमत किती, हे तर चालतंच (वस्तू अनेक असतील तर 'स्तोयत'), पण भाजी-फळांपाशी 'पाच्योम?' जास्त शोभतं. आपलं 'काय भाव?' ते हेच. 'पाच्योम क्लुब्नीका?', स्ट्रॉबेरी काय भाव? उत्तर येईल 'पा चितीरे', म्हणजे किलोला चार युरो. किलो आणि युरो हे दोन्ही शब्द गाळले जातात, ते समोरच्याला कळतातच. पैसे सांगतानाही तेच: 'स वास सेम वोसिम्दिसत', तुमचे झाले सात ऐंशी. पुढे 'नलीचनिमी इली कार्तय?', रोख की कार्ड? सुटे परत मिळतात ते 'ज़्दाचा'. पाचाची नोट 'पित्योर्का', दहाची 'दिस्यात्का', पन्नासाची 'पल्तीन्निक'.

मला स्वतःला फार आवडणारी एक लकब सांगते. आकडा आणि युरो यांची जागा उलटवली की अर्थ अंदाजाचा होतो. 'देसित येव्रा' म्हणजे दहा युरो, 'येव्रा देसित' म्हणजे दहाएक युरो. पण 'येव्रा पिद्दिस्यात' ऐकलंत तर थांबा. कॉफीच्या काउंटरवर त्याचा अर्थ एक युरो पन्नास सेंट, आणि बुटांची किंमत आठवून सांगणाऱ्या मित्राच्या तोंडी पन्नासेक युरो. प्रसंग पाहूनच ठरवायचं.

दीड युरोसाठी 'पल्तरा येव्रा' आहे, आणि आपल्याकडे 'दीड' असल्यामुळे हे मराठी माणसाला चटकन साधतं. दीड हजार मात्र 'पल्तरी तीसिची', कारण हजार स्त्रीलिंगी. अडीचला असा एकच शब्द नाही; 'द्वा स पलविनय', दोन आणि अर्धा, असं म्हणावं लागतं.

पाटीवर स्वल्पविराम दिसला तर तो आपला दशांश चिन्हाचा टिंब समजा. 2,49 म्हणजे दोन युरो एकोणपन्नास सेंट. हजारासाठी मधे मोकळी जागा सोडतात, 1 500 अशी. घरभाड्याच्या जाहिराती वाचताना हे डोक्यात ठेवा.

आणखी एक, हे मी मनापासून सांगते. लॅटव्हियाची राजभाषा फक्त लॅटव्हियन आहे. पाट्या आणि पावत्या तिच्यातच असतात, आणि युरोला तिथे 'एइरो' म्हणतात. 2014 च्या 1 जानेवारीला 'लात' हे तिथलं जुनं चलन जाऊन युरो आला. रशियन तिथे लाखो लोकांची घरची भाषा आहे, तरी प्रत्येकाला ती बोलायला आवडतेच असं नाही, आणि त्यामागे सोव्हिएत काळाचा दुखरा इतिहास आहे. त्यामुळे दुकानात शिरताना आधी 'लाब्दिएन' म्हणा, मग 'मोझ्ना पा-रुस्की?', रशियनमध्ये बोलू का, असं विचारा. हो म्हटलं तर खुशाल भाव विचारा. तरुण विक्रेत्याने इंग्रजीत उत्तर दिलं तर इंग्रजीतच बोला.