वाचक विचारतात: कुलाब्याच्या किल्ल्यातली मडम

प्रश्न: मी कादंबरी लिहायला घेतलीय, समुद्री चाचे, तोफा, तलवारबाजी आणि त्यात लव्हस्टोरी. अलिबागच्या आत्याकडून ऐकलं होतं की कान्होजी आंग्र्यांनी एक इंग्रज मडम पकडून आणली होती. त्यांचं काही जुळलं असेल का? म्हणजे हिरो-हिरोईन करता येतील का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, मडम खरी आहे, जुळलं वगैरे काही नाही, आणि जुळवूही नका, कारण खरी गोष्टच जास्त भारी आहे. तिचं नाव कॅथरिन कुक. १७०९ मध्ये आईबापांबरोबर बंगालला निघालेली, पण जहाज कारवारला थांबलं आणि तिथल्या इंग्रज वखारीचा मुख्य जॉन हार्वे, म्हातारा माणूस, त्याच्याशी हिचं लग्न लावून दिलं. वय तेरा-चौदा! तो थोड्याच वर्षांत वारला, मग तिने वखारीतल्याच थॉमस चाउनशी लग्न केलं. तुमची लव्हस्टोरी इथे आहे बघा, कारण ही दोघं नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईला निघाली आणि वाटेत आंग्र्यांच्या गुराबांनी (लढाऊ जहाजांनी) गाठलं, तोफेच्या गोळ्याने चाउनचा हात उडाला आणि रक्त जाऊन तो बायकोच्या मांडीवरच गेला. ती गरोदर होती. तशीच तिला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात नेलं, आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ३०,००० रुपये मोजले तेव्हा सोडलं.

आता कान्होजींचं. त्यांना चाचे म्हणायचं असेल तर ते इंग्रज पात्राच्या तोंडी घाला, स्वतः म्हणू नका, अलिबागवाले तुम्हाला सोडणार नाहीत (मीही नाही). ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं, आमच्या पाण्यातून जायचंय ना, मग आमचा दस्तक (परवाना) घ्या, नाहीतर माल जप्त. हेच पोर्तुगीज दोनशे वर्षं कार्ताझ या नावाने करत होते, त्यांना कुणी लुटारू म्हटलं नाही. पण म्हणून गरोदर बाईला पैशासाठी अडकवून ठेवलं ते गोडही करू नका, दोन्ही राहू दे, पात्र त्यानेच जिवंत होतं.

पुढचा भाग दोन मिळेल एवढं मटेरियल आहे. सुटल्यावर तिने विल्यम गिफर्डशी तिसरं लग्न केलं. तो पुढे केरळात अंजेंगोच्या इंग्रज किल्ल्याचा मुख्य झाला, मिरीच्या धंद्यात लोकांना नागवलं, आणि एप्रिल १७२१ मध्ये आट्टिंगलच्या राणीला नजराणा द्यायला सुमारे १४० माणसं घेऊन गेला तो परत आलाच नाही, जवळपास सगळे कापले गेले. ही पुन्हा होडीतून जीव वाचवून मद्रासला. शेवटी इंग्रज आरमाराच्या कमोडोर मॅथ्यूजने तिला आपल्या जहाजात घेऊन इंग्लंडला पोचवलं, आणि गंमत म्हणजे हाच मॅथ्यूज १७२१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर चालून गेला होता आणि हात हलवत परत आला होता. जहाजावर या दोघांनी कान्होजींबद्दल काय बोलणं केलं असेल, तो सीन मी तरी आधी लिहीन.

आणि कुलाब्याला आत्याकडून एकदा चालत जाऊन या, ओहोटीला जाता येतं, फक्त भरतीची वेळ आधी विचारून घ्या.