शोग्रेन्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्तीचा काय संबंध? आणि इम्युनिटी वाढवणारं काही घ्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: घेऊ नका. यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय.

आता पहिला प्रश्न. शोग्रेन्स हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर, इथे मुख्यतः लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर, उलटते. जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे अँटीबॉडी तयार होण्याआधीच धावून येणारी पहिली फळी. सगळे अँटी-रो, अँटी-ला या रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडींबद्दल बोलतात, पण ठिणगी बहुतेक त्याआधीच पडलेली असते. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींमधल्या पेशी गुपचूप मार खात बसत नाहीत. विषाणूचा किंवा आपल्याच मेलेल्या पेशींचा आरएनए त्यांच्या टोल-लाइक रिसेप्टरला (टीएलआर, म्हणजे धोका ओळखणारं पेशीतलं प्रथिन) लागला की त्या स्वतःच इंटरफेरॉन हा धोक्याचा इशारा देणारा रेणू सोडतात आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावून घेतात. म्हणून तर मौत्सोपूलोस या ग्रीक डॉक्टरांनी १९९४ मध्ये या आजाराला ‘ऑटोइम्यून एपिथेलायटिस’, म्हणजे अस्तराच्या पेशींचा दाह, म्हटलं. पुढे जन्मजात प्रतिकारशक्तीतल्याच प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशी इंटरफेरॉन-अल्फा ओततात, त्यामुळे बाफ नावाचं प्रथिन वाढतं आणि बाफच्या जिवावर अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी तगतात. त्यांनी केलेली अँटी-रो अँटीबॉडी रो प्रथिनाला पकडते, ते त्याला चिकटलेल्या आरएनएसकट. ही जोडगोळी डेन्ड्रिटिक पेशीत शिरली की टीएलआर-७ पुन्हा पेटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टीएलआर-७ चं जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं आणि बायकांच्या काही पेशींत दुसऱ्या एक्सवरचंही चालू राहतं. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. माझी धाकटी बहीण घोडबंदर रोडला राहते. तिला भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना, डोळ्यांत सतत रेती गेल्यासारखं व्हायचं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय आहे. मेहुणे म्हणाले, इम्युनिटी खालावलीय. झालं, रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, वाटलं ते नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना. ही गोड खात नाही, तरी हिरड्यांलगत सगळ्या दातांना कीड कशी? त्यांनी तपासायचा छोटा आरसा तोंडात घातला तर तो गालाला आतून चिकटला, ओढून काढावा लागला. त्यांनीच रूमॅटोलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टरांकडे, धाडलं.

तिथे खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा धरतात; हिची जेमतेम टोकाला ओली झाली. मग खालच्या ओठाच्या आतून बारीक ग्रंथी काढून बायॉप्सी केली. रिपोर्टमध्ये फोकस स्कोअर एकच्या वर होता. म्हणजे चार चौरस मिलिमीटरमागे पन्नास किंवा जास्त लिम्फोसाइटचा घोळका, एकाहून अधिक. तो कागद मी मेहुण्यांसमोर ठेवला आणि विचारलं, यात कमी काय दिसतंय तुम्हाला? ‘तुम्ही पुस्तकातलं बोलता ताई, आमचा अनुभव आहे,’ हे त्यांचं उत्तर. मला ते आजही पटत नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे अर्धी भरलेली पाण्याची टाकी नव्हे, की वरून ओतलं आणि काम झालं. इथे ती नको त्या ठिकाणी जागी आहे, आणि तुम्ही तिला आणखी डिवचताय.

मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. काहींची बायॉप्सी ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, हेही सांगायला हवं. ते सहा रुग्ण शोग्रेन्सचे नव्हेत, आणि गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असंही नाही. पण आधीच ऑटोइम्यून आजार असलेल्या माणसावर हा प्रयोग कशाला?

मी डॉक्टर नाही. बहिणीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे प्रतिकारशक्ती शांत करणारं औषध आणि डोळ्यांचे थेंब चालू आहेत. तुमचं तुमचे डॉक्टर ठरवतील. मूल हवं असेल तर अँटी-रो असल्याचं आधीच सांगा, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. कानाखालची गाठ टिकून राहिली तर लगेच दाखवा, या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरचा, धोका वाढतो. आणि घरातल्या कुणी काढा, चूर्ण, गोळ्या आणून दिल्या तर त्यांना घेऊनच रूमॅटोलॉजिस्टकडे जा, पाकीट टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांना जे विचारायचं ते त्या घरच्या माणसालाच विचारू द्या. मेहुणे अजून एकदाही आलेले नाहीत.