आरूबाचं पॅकेज आणि संपलेला स्टॅम्प

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी, एच-१बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) नोकरी. कॉलेजचा पाच जणांचा ग्रुप ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला चार दिवस आरूबाला, म्हणजे कॅरिबियनमधल्या एका बेटावर, जायचं म्हणतोय. विमान आणि ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं-पिणं सगळं धरून) रिसॉर्ट मिळून माणशी १,९५० डॉलर. तुमची बचत ९,००० डॉलर आहे. क्रेडिट कार्डावर ३,४०० थकलेत (वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी घाईत काढलेलं तिकीट आणि घर बदलल्याचा खर्च), व्याज २४ टक्के. पॅकेज १७८ डॉलरच्या बारा हप्त्यांत मिळतंय. जाऊ का?

फिरायला जा. आरूबाला नको, आणि हप्त्यांवर तर मुळीच नको.

हिशेबाआधी तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या एका ओळीकडे येतो: "पासपोर्टावरचा व्हिसा स्टॅम्प मार्चमध्ये संपलाय, पण आय-७९७ अजून चालू आहे, त्यामुळे काही अडचण नाही." अडचण आहे. आय-७९७, म्हणजे एच-१बीच्या मंजुरीचा कागद, तुम्हाला अमेरिकेत राहायला आणि काम करायला चालतो, बाहेर गेल्यावर परत यायला स्टॅम्प लागतो. तुम्ही लिहिता तसा तुमच्या मित्राचा मित्र संपलेल्या स्टॅम्पवर जमैकाला जाऊन आला, हे खरं असेलही. तो एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असणार. संपलेल्या व्हिसावर ३० दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसावाल्यांना कॅरिबियन बेटांसाठीही मिळते (क्युबा सोडून). एच-१बीला ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे.

आरूबाच्या विमानतळावर तर अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी तिथेच बसतात, त्यांनी सोडल्याशिवाय विमानात पाय ठेवता येत नाही. म्हणजे चार दिवसांनी मित्र नेवार्कला परत आणि तुम्ही आरूबाच्या राजधानीत, ऑरान्येस्टाडला. पुढे भारत गाठायचा, वकिलातीची तारीख मिळेपर्यंत थांबायचं, कंपनी तिथून काम करू देईल की बिनपगारी रजा टाकावी लागेल ते तिच्या मर्जीवर. आणि हप्ते चालूच. स्वतःची कागदपत्रं अपुरी म्हणून अडकलात तर प्रवास विमा सहसा हात वर करतो. एकदा कंपनीच्या वकिलाला जरूर विचारा, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या वकिलांना नको.

आता पैसे. बारा हप्ते म्हणजे २,१३६ डॉलर, मूळ किमतीपेक्षा १८६ जास्त. रक्कम फार मोठी नाही हे मान्य. पण कार्डावर आधीच महिन्याला साधारण ६८ डॉलर नुसतं व्याज जातंय आणि त्यावर हे दुसरं ओझं. ऋण काढून सण तो हाच. शिवाय तुम्ही शाकाहारी आणि दारू घेत नाही. ऑल-इन्क्लुझिव्हच्या किमतीत बार आणि सीफूडचा वाटा मोठा असतो, म्हणजे मित्रांच्या मोहितोचे पैसे तुम्ही भरणार आणि स्वतः फ्राइज आणि सॅलड खाणार!

भारतातल्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यासह तुमचा महिन्याचा खर्च ३,६०० डॉलर आहे आणि ९०० उरतात. नोकरी गेली तर एच-१बीवर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणून दोन महिन्यांचा खर्च, ७,२०० डॉलर, ही तुमच्यासाठी लक्ष्मणरेषा. त्याला हात लावायचा नाही. वरचे १,८०० आजच कार्डात भरा. उरलेले १,६०० ऑगस्ट-सप्टेंबरच्या शिलकीतून भरले की सप्टेंबरअखेर व्याजासकट कार्ड कोरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे १,८०० मग मोकळे राहतात. त्यातले १,१०० सहलीला, ७०० बचतीत.

१,१०० मध्ये कॅरिबियन? होय, पोर्तो रिको. अमेरिकेचाच प्रदेश असल्यामुळे थेट विमानाने गेलात तर ती देशांतर्गत फेरी, परतताना व्हिसा लागत नाही. तरी पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रत जवळ ठेवा, सॅन वानला, म्हणजे पोर्तो रिकोच्या राजधानीत, विमानतळावर कधीकधी विचारतात. जायचं डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तुमच्या मित्रांनी आरूबा निवडताना डोकं लावलंय, हे कबूल करायला हवं: ते व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऑक्टोबरमध्येही बहुधा सुरक्षित. पोर्तो रिको तसं नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने बेटाची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलंय. वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो, आणि ख्रिसमसची गर्दी सुरू व्हायच्या आत भावही बरे असतात.

माझा अंदाज असा: विमान ३००, चार रात्रींच्या अपार्टमेंटमधला वाटा ३५०, गाडी-पेट्रोलचा ११०, उरलेले खाण्यापिण्याला आणि अडीअडचणीला. कॅसिनोवालं हॉटेल टाळा, खोलीवर ११ टक्के कर आणि वर बहुतेक ठिकाणी रिसॉर्ट फी. सेइबा बंदराहून कुलेब्रा या छोट्या बेटावर जाणाऱ्या सरकारी फेरीबोटीचं तिकीट स्वस्त आहे आणि तिथला फ्लामेंको बीच कुठल्याही रिसॉर्टच्या किनाऱ्याच्या तोंडात मारील असा. तिकीट मात्र आधी काढा, ऐनवेळी गर्दीत मिळेलच असं नाही. खाण्यात तोस्तोनेस, म्हणजे दाबून तळलेली कच्ची केळी, बिनधास्त घ्या. भात-तूर असलेला आरोस कोन गांदुलेस मागण्याआधी विचारा, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.

राहिला ग्रुप. कार्डाची थकबाकी त्यांना सांगायची लाज वाटते म्हणता, तर सांगू नका. स्टॅम्पचं कारण खरं आहे आणि पुरेसं आहे. आज रात्रीच टाका: "अरे, माझा स्टॅम्प संपलाय, आरूबाहून परत येता येणार नाही. डिसेंबरमध्ये पोर्तो रिको चालेल का? माणशी अकराशेत बसवतो." पॅकेजचं बुकिंग व्हायच्या आत हे गेलं पाहिजे, नंतर गेलं तर तुमचा वाटा बाकी चौघांवर पडतो आणि कटुता येते. ते आरूबावरच अडून राहिले तर त्यांना जाऊ द्या, डिसेंबरसाठी एकदोघे तरी निघतील. फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला भारतात जाणार आहातच, तेव्हा स्टॅम्पिंगची तारीख आतापासून शोधा आणि रजा त्या हिशेबाने मागा.

आणि तिकीट काढताना नेवार्क किंवा जेएफकेहून थेट सॅन वानचंच काढा. ऐंशी डॉलर वाचतात म्हणून पनामा किंवा सांतो दोमिंगोला विमान बदलणारं घेतलंत, तर तुम्ही देशाबाहेर पडलात आणि स्टॅम्पचा घोळ पुन्हा तिथेच.