घरचा जनरेटर सुरू होतो, पण करंट येत नाही. कोणाला बोलवू?

इंजिन नीट चालतंय ना? मग गॅरेजवाल्याला बोलावून उपयोग नाही. ते सुरूच होत नसतं तर प्लग, कार्ब्युरेटर, जुनं पेट्रोल हे त्याचं खातं. तुमचा बिघाड अल्टरनेटरकडचा, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाकडचा दिसतोय: कार्बन ब्रश, कपॅसिटर नाहीतर एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट). जनरेटर कित्येक महिने नुसता पडून असेल तर रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) उरलंसुरलं चुंबकत्वही जाऊ शकतं, मग इंजिन कितीही फिरो, व्होल्टेज बनत नाही.

वायरमनचा परवाना असलेलाच माणूस बघा, पण नुसता पंखे-ट्यूबलाइट बसवणारा नको. बोअरच्या मोटारी रिवाइंड करतात त्या दुकानात चौकशी करा, जाणकार बहुधा तिथेच भेटतो. आमच्याकडे पहिल्याने मीटर न लावताच 'एव्हीआर गेला' म्हणून सांगितलं. दुसऱ्याने आधी ब्रश काढून हातावर ठेवला. झिजून नखाएवढा उरला होता! काम झाल्यावर लोड टाकून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या आसपास येतंय का ते मोजून दाखवायला सांगा.

आणि जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी मेन लाइन नाहीतर जनरेटर, एकच जोडणाऱ्या स्विचमधून. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरच्या सॉकेटात खुपसणारा 'जुगाडू' भेटला, तर त्याला चहा न पाजताच परत पाठवा. तो करंट उलटा डीपीतून (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून) गेला की 11 हजार व्होल्ट होतो, आणि तेव्हा वर खांबावर लाइनमन असू शकतो.