कुणी कोणता चित्रपट पाहिला, ते आधी विचार

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. बाराव्या शतकात जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान लढले, त्या क्रुसेडवरच्या, म्हणजे धर्मयुद्धावरच्या, ‘किंगडम ऑफ हेवन’ या चित्रपटाबद्दलचा तुझा लेख परवा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. मेहनत दिसते. एवढ्या प्रेक्षकांची मतं जमवलीस, त्यांचे गट पाडलेस. कुणाला चित्रपट ख्रिस्तीविरोधी वाटला, कुणाला मुसलमानांना नावं ठेवणारा, कुणाला नुसता लांबलेला. आणि शेवटी लिहिलंस, ‘सत्य या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.’ त्या वाक्यावर मी काट मारली आहे. ती का मारली, हे सांगायला हे पत्र.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे आणि तुझ्या लेखात ती नाही. ही माणसं भांडतात ती एकाच चित्रपटाबद्दल नव्हे. मे २००५ मध्ये थिएटरांत लागलेला चित्रपट १४४ मिनिटांचा होता. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी स्वतःच्या मनासारखी केलेली आवृत्ती पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आली, ती १९४ मिनिटांची. पन्नास मिनिटं म्हणजे काही दोन-चार प्रसंग नव्हेत. त्यात एक अख्खं मूल आहे.

मी २००५ मध्ये तो थिएटरात पाहिला तेव्हा राजकन्या सिबिला मला कळलीच नाही. मध्येच ती खचते, केस कापते, वेड्यासारखी वागू लागते. का, याचा पत्ता नाही. मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं होतं की बाईचं पात्र दिग्दर्शकाला लिहिताच आलेलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मोठी आवृत्ती पाहिली. तिथे तिचा लहानगा मुलगा आहे, तो राजा होतो, आणि एक दिवस गरम लाख हातावर सांडते तरी पोराला कळत नाही. त्याच्या मामाला, जेरुसलेमच्या मुखवटा घालणाऱ्या राजाला, होता तोच कुष्ठरोग. मुखवट्याआडचं ते जगणं त्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून आई स्वतःच्या हातांनी त्याला विष देते. हे पाहिल्यावर तिचं खचणं कळलं, आणि माझं जुनं मत मला मागे घ्यावं लागलं. तेव्हा ज्यांची मतं तू घेतलीस त्यांना आधी विचार, ‘तुम्ही कोणता पाहिलात?’ निम्मे वाद तिथेच मिटतील.

दुसरं. काही मतं चित्रपट न बघताच झालेली असतात, आणि ती विद्वानांचीही असतात. २००४ मध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या वर्षभर आधी, केंब्रिजचे क्रुसेडचे मोठे अभ्यासक जोनाथन रायली-स्मिथ यांनी या चित्रपटावर झोड उठवली. यातून इस्लामी अतिरेक्यांना हवा तसा इतिहास मांडला जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी अमेरिकेतले इस्लामी कायद्याचे प्राध्यापक खालेद अबू अल फदल यांनी पटकथा वाचून नेमकी उलटी भीती बोलून दाखवली, की यातून मुसलमानांविषयीचा द्वेष वाढेल. दोघेही आपापल्या विषयातले जाणकार, आणि दोघांपैकी कुणीही पडद्यावर काहीच पाहिलेलं नव्हतं. त्या काळाकडे बघ. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या तोंडून ‘क्रुसेड’ हा शब्द गेला होता, २००३ पासून इराकमध्ये युद्ध चालू होतं. ती भीती खरी होती. पण ती काळाविषयीची होती. तू ती चित्रपटाविषयीची मतं म्हणून मांडलीस, तिथे गल्लत झाली.

आता लेबनॉनच्या राजधानीकडे, बैरूटकडे ये. बैरूटमध्ये राहणारे ब्रिटिश पत्रकार रॉबर्ट फिस्क तिथल्या थिएटरात हा चित्रपट बघायला गेले होते. प्रेक्षक बहुतेक मुसलमान. जेरुसलेम ताब्यात आल्यावर मुसलमानांचा सुलतान सलादीन महालातून चालत असतो, जमिनीवर पडलेला क्रूस त्याला दिसतो, तो वाकून उचलतो आणि जपून मेजावर ठेवतो. त्या क्षणी लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या, असं फिस्क यांनी लिहिलं आहे. ज्या शहराने पंधरा वर्षं ख्रिस्ती-मुसलमान यादवी भोगली, त्या शहरातल्या या टाळ्या आहेत. सलादीनच्या भूमिकेत घस्सान मसूद, शेजारच्या सीरियाचे नट, म्हणजे जवळजवळ घरचेच. तुझ्या एका प्रेक्षकाने हाच प्रसंग ‘गोडगोड’ म्हणून उडवून लावला आहे. त्यालाही तो हक्क आहे. पण ही दोन मतं शेजारी ठेवून मध्यबिंदू काढता येत नाही. माणूस कुठे बसून बघतोय, त्याच्या गल्लीत काय घडून गेलंय, हे सांगितल्याशिवाय मत नुसता आकडा राहतं.

मग इतिहासाचं काय, असं तू विचारशील. आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट आला की ‘इतिहासाची मोडतोड’ हे शब्द तयारच असतात, आणि तुझ्या लेखातही ते सहा वेळा आलेत. पण सगळी मोडतोड एका मापाची नसते. चित्रपटाचा नायक बालियन फ्रान्समधला लोहार आहे, खरा बालियन तसा नव्हता. तो जेरुसलेमच्या राज्यातल्याच बड्या सरदार घराण्यातला, आधीच्या राजाच्या विधवेशी, मारिया कोम्नेनाशी लग्न केलेला. म्हणजे सिबिलाच्या सावत्र आईचा नवरा! खरी सिबिला त्याच्याबरोबर कुठे निघून गेली नाही, ती गी नावाच्या आपल्या नवऱ्याला शेवटपर्यंत धरून राहिली आणि ११९० मध्ये एकर या बंदराच्या शहराच्या वेढ्यात वारली. हे बदल कथेच्या सोयीचे आहेत. मला ते फारसे टोचत नाहीत.

टोचतो तो शेवट. २ ऑक्टोबर ११८७ ला जेरुसलेम सलादीनच्या हाती आलं. १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी तिथे केलेली कत्तल त्याने केली नाही, हे खरं, आणि मोठं आहे. पण चित्रपटात सगळे जण सुखरूप, फुकट बाहेर पडतात. प्रत्यक्षात खंडणी ठरली होती, पुरुषाला १० दिनार, बाईला ५. गरिबांसाठी बालियनने ३०,००० दिनारांची एकगठ्ठा रक्कम ठरवली, तरी हजारो लोक उरले आणि गुलाम झाले. ती माणसं पडद्यावरून पुसली गेली. चित्रपट मुसलमानांची बाजू घेतो की ख्रिश्चनांची, या भांडणात त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुझ्या लेखातही नाही. मला वाटतं, तुझा खरा लेख इथे सुरू होतो.

आणि उलटही बघ. वेढ्याआधी बालियन साध्या माणसांना गुडघ्यावर बसवून नाइट, म्हणजे मानाचे योद्धे, करतो, त्या प्रसंगाला तू ‘फिल्मी’ म्हटलंस. पण त्याला आधार आहे. हत्तीनच्या लढाईत सलादीनने जेरुसलेमच्या फौजेचा पराभव केल्यानंतर शहरात नाइट जवळजवळ उरलेच नव्हते, तेव्हा बालियनने सरदारांच्या सोळा वर्षांवरच्या मुलांना आणि काही साध्या नागरिकांनाही नाइट केलं. त्याहून सुंदर गोष्ट चित्रपटात आलीच नाही, याची मला हळहळ वाटते. बालियन शहरात आला तोच सलादीनच्या परवानगीने, बायकोमुलांना घेऊन एका रात्रीत निघून जाण्याची शपथ घेऊन. लोकांनी त्याला अडवलं, शपथ मोडावी लागली, आणि त्याने ते सलादीनला कळवलं. सलादीनने त्याच्या बायकोमुलांना संरक्षण देऊन बाहेर काढलं, आणि मग त्याच शहराला वेढा घातला. अशी माणसं होती ती. त्यांना सद्गुणी किंवा दुष्ट ठरवायची घाई करू नकोस.

तुझ्या भाषेबद्दल एकच सांगते. ‘काही समीक्षकांच्या मते’, ‘अनेकांना वाटते’ ही वाक्यं काढून टाक. कुणाच्या मते, ते लिही. आणि तू स्वतः काय पाहिलंस ते ‘मी’ म्हणून लिही. अख्ख्या लेखात ‘मी’ एकदाही नाही. माझं विचारशील तर सांगते. नायक मला आजही कोमट वाटतो, मोठ्या आवृत्तीतसुद्धा. एडवर्ड नॉर्टन यांचा चेहरा एकदाही नीट दिसत नाही, तरी मुखवट्याआडून बोलणारा तो कुष्ठरोगी राजा मनातून जात नाही. त्या दोन्ही गोष्टी मी एकाच परिच्छेदात लिहीन, आणि एकीने दुसरीला झाकू देणार नाही.

दिवाळीत येशील तेव्हा उसामा इब्न मुन्किझच्या आठवणी काढून ठेवते. त्याच बाराव्या शतकातला सीरियाचा अमीर. जेरुसलेममध्ये तो टेम्प्लर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासी-योद्धे, असलेल्या मित्रांनी दिलेल्या जागी नमाज पढत होता, तेवढ्यात युरोपातून नवाच आलेला एक जण त्याचं तोंड ख्रिस्ती रीतीने बळेच पूर्वेकडे वळवू लागला. टेम्प्लरांनी त्याला ओढून बाजूला केलं आणि उसामाची माफी मागितली, हा नवा आहे म्हणून. ती दोन पानं आपण मिळून वाचू, आणि मग मोठी आवृत्ती लावू. तीन तासांहून जास्त आहे, सकाळीच ये.

तुझ्या,
बाई