जुन्या दुर्बिणीचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९८६ साली हॅलीचा धूमकेतू आला होता, तेव्हा वडिलांनी स्वतः आरसा घासून सहा इंची दुर्बीण केली. फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १२०० मिलिमीटर. आता आरशावर डाग पडलेत, खालची लाकडी पेटी फुगली आहे आणि चंद्रसुद्धा धुरकट दिसतो. हिच्यावर खर्च करावा की सरळ आठ इंची नवी घ्यावी?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी आरसा तपासा, दुकानात नंतर जा. काच म्हातारी होत नाही. वडिलांनी घासून आणलेला पॅराबोलाचा (प्रकाश एका बिंदूत आणणारा खोलगट) आकार तेव्हा चांगला असेल, तर तो आजही तसाच आहे. खराब होतो तो काचेवरचा ॲल्युमिनियमचा लेप, आणि त्याची जाडी असते मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाइतकी. तो काढून नवा चढवता येतो. आकारच मुळात चुकलेला असेल, तर मात्र नव्या लेपाने काही साधणार नाही. म्हणून लेपाचा खर्च करण्याआधी ताऱ्यावर चाचणी घ्या. लेप डागाळलेला असला तरी ठळक ताऱ्यावर ही चाचणी नीट होते.

त्याआधी आरसा धुऊन घ्या. बोटातली अंगठी, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. आरसा घमेल्यात टॉवेलवर ठेवून नळाची बारीक धार पाच मिनिटं सोडा, म्हणजे कुरुंदासारखे कण रगडले न जाता वाहून जातील. मग लिटरभर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. औषधाच्या दुकानात मिळणारा कापूस त्यात बुडवून मध्यापासून कडेकडे फिरवा. दाब कापसाच्या स्वतःच्या वजनाएवढाच. एक बोळा एकदाच वापरायचा आणि टाकून द्यायचा. शेवटी दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर वरून ओता. नळाच्या पाण्यावर थांबलात तर क्षारांचे ठिपके राहतात. गाडीच्या बॅटरीत भर घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर चालेल, फक्त कॅनवर ॲसिड लिहिलेलं नाही ना, एवढं वाचून घ्या. आरसा जवळजवळ उभा करून वाळू द्या. राहिलेला थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा, पुसू नका.

वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत आरशासमोर टॉर्च धरा आणि मागच्या बाजूने पाहा. अंधुक निळसर उजेड आला तर काळजी नाही. सुईने टोचल्यासारखे थोडे ठिपके चमकले तरी चालतं. पण जागोजाग खिडक्या उघडल्यासारखं दिसलं, किंवा धुऊनही पांढुरका धूसरपणा गेला नाही, तर लेप संपला. दुर्बिणीत प्रकाश दोन आरशांवरून परततो हे लक्षात घ्या. दोन्ही आरसे ८८ टक्के प्रकाश परतवत असतील तर डोळ्यापर्यंत ७७ टक्के पोचतो. दोन्ही ७० टक्क्यांवर उतरले तर पोचतो फक्त ४९ टक्के. म्हणून लेपासाठी पाठवताना नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसाही सोबत द्या. लेप कुठे करून मिळेल याची चौकशी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत करा. १९४४ पासून चालत आलेली ही हौशी निरीक्षकांची संस्था आहे.

आता ताऱ्याची चाचणी. परदेशी पुस्तकं यासाठी ध्रुवतारा घ्यायला सांगतात, कारण तो जागचा हलत नाही. कोल्हापुरातून तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. तिथली हवा इतकी थरथरते की चांगला आरसाही नापास होईल. आपल्याकडे थंडीत रोहिणी आणि उन्हाळ्यात स्वाती घ्या. रोहिणी तर आपल्या जवळजवळ अगदी डोक्यावरून जाते. ती ६०-७० अंशांवर असताना पाहा, कारण अगदी माथ्यावर डॉबसोनियन (तुमच्यासारखी पेटीवर फिरणारी दुर्बीण) वळवताना हात अवघडतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, नाहीतर गरम आरशावरची हवाच प्रतिमा बिघडवते. ८ मिलिमीटरची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा, म्हणजे १५० पट होतील. फोकसच्या आत आणि बाहेर सारखंच अंतर जाऊन ताऱ्याभोवतीची वलयं पाहा. दोन्हीकडे सारखी दिसली तर वडिलांनी फार सुंदर काम केलंय आणि तो आरसा जपलाच पाहिजे. वलयं त्रिकोणी दिसली तर दोष बहुधा आरशाचा नसून त्याला धरणाऱ्या क्लिपांचा असतो. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकेल एवढी फट हवी. फोकसच्या एका बाजूला वलयांच्या कडा स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला केसाळ दिसल्या तर आरशाची कड खाली वळलेली आहे. घरी घासलेल्या आरशांत हा दोष नेहमीचा. ३ ते ५ मिलिमीटर रुंदीची काळ्या कागदाची रिंग लावून ती कड झाकून टाका. थोडा प्रकाश जातो, पण प्रतिमा लख्ख होते.

चंद्र धुरकट दिसण्यात कोलिमेशनचाही, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत जुळवण्याचाही, वाटा असतो. तिरक्या आरशात मुख्य आरसा पूर्ण दिसतो का, हे आधी पाहून घ्या. मग आरशाच्या मापाचा कागद दोनदा दुमडून मध्य काढा आणि तिथे फायलीच्या भोकांना लावतात ती गोल रिंग चिकटवा. ती जागा तशीही तिरक्या आरशाच्या सावलीत असते, त्यामुळे नुकसान काही नाही. फोकसरवर (आयपीस बसवायच्या नळीवर) मधोमध २ मिलिमीटर भोक पाडलेलं झाकण बसवून त्यातून पाहा. आधी तिरक्या आरशाचे स्क्रू फिरवून रिंग मुख्य आरशाकडे जाणाऱ्या नजरेच्या मध्यावर आणा, मग मागचे तीन बोल्ट फिरवून त्या भोकाचं प्रतिबिंब रिंगमध्ये बसवा. स्वस्त लेसरवर विसंबू नका. फोकसरमध्ये लेसर गोल फिरवताना आरशावरचा ठिपकाही फिरत असेल, तर तो लेसरच वाकडा आहे.

पेटी मात्र नवीच करा. पार्टिकल बोर्डाला आपला पाऊस सोसत नाही. १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही रंगवून बंद करा. पेटीच्या तळाला खालून दाणेदार सनमायका आणि त्याखाली, जमिनीवरच्या फळीवर, ३ मिलिमीटर जाडीचे टेफ्लॉनचे तीन तुकडे, नेमके त्या फळीच्या तीन पायांच्या वर. तुकडे पायांच्या वर नसले तर फळी वाकते आणि दुर्बीण धक्के खात सरकते. टेफ्लॉन ठोकताना स्क्रूची डोकी खोल बसवा, नाहीतर सनमायका खरवडली जाईल. तिथे ग्रीस अजिबात नको.

राहिला आठ इंचीचा मोह. तिच्यात सहा इंचीच्या १.७८ पट प्रकाश येतो, म्हणजे सुमारे ०.६ प्रत (ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचं एकक) जास्त अंधुक तारे दिसतात. फरक आहे, पण हीच दुर्बीण शहराबाहेर, गगनबावड्याच्या बाजूला नेली तर त्याहून जास्त दिसेल. पन्हाळ्यावर गेलात तर आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड असतो, म्हणून तिथे पाठ शहराकडे करून पाहा. मे महिन्यात रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्या दक्षिणेला २५-२६ अंशांवर येतो. चांगल्या सहा इंचीतून तो दाणे दाणे होऊन दिसतो. युरोपात बहुतेक ठिकाणांहून तो दिसतही नाही. आमचं मत स्पष्ट आहे : आरसा पास झाला तर लेप, नवी पेटी आणि २५ व १० मिलिमीटरच्या दोन चांगल्या प्लॉसल (चार भिंगांच्या) आयपीस (४८ आणि १२० पट) एवढंच करा. नापास झाला तर आठ इंची एफ/६ (फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या सहापट) घ्या. तिची नळी तुमच्या नळीएवढीच लांब असते, फक्त जड जास्त.

प्रश्न : शाळेच्या कपाटात ६० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर फोकल लेंग्थची दुर्बीण पडून आहे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे आणि आयपीस फारच बारीक आहेत. मुलांसाठी वापरात आणता येईल का?
– शिक्षिका, कागल

उत्तर : सगळ्यात आधी त्या पेटीत आयपीसला लावायची काळी किंवा हिरवी ‘सन’ लिहिलेली काच आहे का बघा. असेल तर आजच फोडून टाका. सगळी उष्णता नेमकी तिथे गोळा होते, काच अचानक तडकते आणि मुलाचा डोळा जातो. सूर्य पाहायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकून लावायचा असतो. फाइंडरही (नळीवरची छोटी नेमदुर्बीण) झाकायचा.

जाळं म्हणजे बुरशी. बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने निघेल. भिंगं दोन आहेत. बुरशी त्यांच्या मध्ये असेल तरच ती वेगळी करा, आणि त्याआधी कडेवर दोन्ही भिंगांवरून जाणारी पेन्सिलीची ‘व्ही’ खूण करा. मध्ये पातळ वर्खाचे तीन तुकडे असतात. ते त्याच जागी, त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. वरची रिंग आवळू नका. हलवल्यावर भिंग अगदी किंचित वाजलं तर ते बरोबर बसलंय. बुरशीने काच खाल्लेली असेल तर पुसट ओरखडे राहतील. चंद्र, गुरूचे उपग्रह, शनीची कडी यांना त्याने फारसं बिघडत नाही.

तुमच्या आयपीस २४.५ मिलिमीटरच्या जुन्या मापाच्या असणार. आता चालतात त्या ३१.७५ च्या. त्यासाठी नवी दुर्बीण घ्यायची गरज नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर जोड करून घ्या. ॲल्युमिनियमचा किंवा नायलॉनचा रॉड, एका टोकाला बाहेरून २४.५, दुसऱ्या टोकाला आतून ३१.८, खोली २५ ते ३० मिलिमीटर, आरपार भोक २१ चं, आणि बाजूला एम-४ चा अंगठ्याने फिरवायचा स्क्रू. ऑर्डर देण्याआधी तुमचा फोकसर व्हर्नियरने मोजून घ्या, जुन्या मालात थोडा फरक निघतो. २० मिलिमीटरच्या आयपीसला ३५ पट, १० ला ७० पट मिळतील. खोक्यावर ५०० पट छापलेलं असलं तरी ६० मिलिमीटरला १२० च्या पुढे नुसता अंधुक डाग दिसतो.

प्रश्न : इक्वेटोरियल माउंटचं (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराचं) तोलाचं वजन तिपाईच्या पायाला आपटतं. माउंट बदलावा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नको. यातले बरेच माउंट उत्तरेकडच्या देशांचा विचार करून बनतात. आपल्या १६.७ अंश अक्षांशावर ध्रुवाक्ष (ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) जवळजवळ आडवा होतो आणि वजनाचा दांडा उत्तरेकडच्या पायाजवळून जातो. तिपाई फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणा. मग तोल पुढे जातो, म्हणून तिपाईच्या मध्याला वाळूची पिशवी टांगा. अक्षाचा उतार ठरवणारा बोल्ट १७ अंशांच्या खाली जात नसेल तर लांब बोल्ट टाकून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवावी?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : चामड्याच्या किंवा मखमली पेटीत नको, ती ओल धरून ठेवते. आयपीस आणि आरसा पूर्ण कोरडे झाल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून टाका. सोबत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ६० टक्क्यांखाली राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात परत घाला. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी रंग पाहत राहा.